वाचकांचे प्रश्न : घरातल्या लहान कुत्र्याचे शेवटचे दिवस

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची तीन पत्रे निघाली, म्हणून या अंकात त्यांचीच उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा बंटी अकरा वर्षांचा पोमेरियन आहे, वजन साडेसहा किलो. घरी मी आणि माझे निवृत्त यजमान दोघेच असतो. दिवाळीनंतर त्याला रात्री ठसका लागू लागला. आम्हाला वाटले, फटाक्यांचा धूर बाधला असेल. मग एक दिवस तो जिन्यातच कोसळला. एक्स-रे आणि इको झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले की हृदयाची झडप गळते आहे, हृदय मोठे झाले आहे आणि फुप्फुसांत पाणी साचले आहे. गोळ्यांनी सध्या बरा आहे, पण डॉक्टर म्हणाले, "काही महिने, फार तर वर्ष." दोन वर्षांपूर्वी लस देताना दुसऱ्या एका डॉक्टरांनी "हृदयात आवाज येतो, तपासून घ्या" असे सांगितले होते. आम्ही ते मनावर घेतले नाही. तेव्हाच औषध सुरू केले असते तर तो वाचला असता का? वेळ आली हे कसे ओळखायचे? मुलगा परदेशातून फोन करून म्हणतो की त्याचे हाल करू नका, इंजेक्शन द्या. यजमान म्हणतात की ते पाप आहे, त्याचा भोग त्यालाच संपवू द्या. मला दोघांचेही पटते आणि दोघांचाही राग येतो. — एक वाचक, सातारा

उत्तर : आधी मागच्या दोन वर्षांविषयी बोलू, कारण ते मनात सलत राहिले तर पुढे जे करायचे आहे त्यात तुमचे लक्ष लागणार नाही. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये उतारवयात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड आणि गाठाळ होत जाते, ती पुरती मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे फिरते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू आला तो या उलट्या रक्ताचा आवाज. लहान कुत्र्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हृदयविकार हाच. (आपल्याकडे ज्याला सरसकट पोमेरियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, पण या आजाराच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही.) असा आवाज असलेली कित्येक कुत्री वर्षानुवर्षे ठणठणीत राहतात आणि शेवटी दुसऱ्याच कारणाने जातात, त्यामुळे आवाज ऐकला की लगेच औषध, असे नसते. हृदय आकाराने वाढलेले दिसले तर मात्र पिमोबेंडान हे औषध लक्षणे दिसण्याआधीच सुरू करण्यात अर्थ असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६० कुत्र्यांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात या औषधामुळे हृदय निकामी होण्याची अवस्था सरासरीने सुमारे पंधरा महिने लांबली होती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की तपासणी केली असती आणि त्या वेळी हृदय वाढलेले निघाले असते तर बंटीला काही चांगले महिने अधिक मिळाले असते. आजार मात्र टळला नसता. झडप दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये आणि युरोपातल्या मोजक्या ठिकाणी होते, ती तुमच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. जेवढे चुकले तेवढेच चुकले, त्याहून मोठा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

आता हातात असलेल्या काळाविषयी. या आजारात घरच्या माणसाला करता येण्यासारखे सर्वांत उपयोगाचे काम म्हणजे झोपेतला श्वास मोजणे. बंटी गाढ झोपलेला असताना, म्हणजे स्वप्नात पाय हलवत नसताना, त्याच्या बरगड्यांकडे पाहा. छाती एकदा वर येऊन खाली गेली की तो एक श्वास. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. औषधांनी आजार आटोक्यात असेल तर हा आकडा मिनिटाला तिसाच्या आत राहतो. रोज एकाच सुमारास मोजून कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. आकडा तिसाच्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका. फुप्फुसात पाणी पुन्हा साचू लागल्याची ही खूण ठसक्याच्याही आधी दिसते आणि बहुतेक वेळा औषधाची मात्रा वाढवून ते उतरवता येते. मात्रा स्वतःच्या मनाने बदलायची नसते, पण रात्री अडचण आली तर फ्युरोसेमाइडची (लघवीवाटे अंगातले पाणी काढणाऱ्या औषधाची) जादा गोळी किती आणि कधी द्यायची, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. रात्री ऑक्सिजन देण्याची सोय असलेला दवाखाना जवळपास कोणता, हेही त्याच कागदावर असू द्या.

फ्युरोसेमाइडच्या गोळीने लघवी वाढते आणि तहानही वाढते. घर ओले होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे कदापि करू नका, त्याने मूत्रपिंडांना इजा होते. रबरी कापड, जुनी सतरंजी, रात्री एक जादा फेरी, एवढ्यावर भागवा. पिमोबेंडान जेवणाच्या तासभर आधी दिलेले चांगले. खारी, फरसाण, पापड, चीज हे खारट पदार्थ बंद. मात्र तो काहीच खात नसेल तर पथ्याचा बाऊ न करता त्याला आवडेल ते बिनमिठाचे द्या, कारण या अवस्थेत पाठीवरचे मांस झपाट्याने झडते आणि उपाशी राहणे त्याला जास्त महागात पडते. तो कण्हतो आहे असे वाटले म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या बाधू शकतात आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर तर मूत्रपिंडांवरचा धोका आणखी वाढतो.

वेळ कशी ओळखायची, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझे ठाम मत असे की ही वेळ ती आल्यावर ओळखायची नसते, ती आधी ठरवायची असते. बंटी बरा आहे, शेपटी हलवतो आहे, अशा एखाद्या दुपारी तुम्ही दोघांनी बसून त्याला जगणे कशामुळे गोड लागते ते लिहून काढा. दारावरची बेल वाजल्यावर भुंकणे, यजमान पेपर वाचत असताना त्यांच्या पायाशी येऊन बसणे, चहाच्या वेळी बिस्किटासाठी हट्ट धरणे, अशी चार-पाच कामे तुम्हाला लगेच सुचतील. त्यांतली बहुतेक बंद पडली की निर्णयाचा दिवस जवळ आला, असे आत्ताच ठरवा. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे आणि ती अनेक पशुवैद्य वापरतात. वेदना व श्वास, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहण्यात अर्थ आहे. गुण तुम्ही आणि यजमानांनी वेगवेगळे द्या आणि मग कागद शेजारी ठेवा. आकड्यांनी निर्णय होत नाही, हे मला मान्य आहे, पण रोज जवळ असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही आणि तीन आठवड्यांपूर्वीचा आपल्याच हातचा आकडा ती दाखवतो.

हृदयविकाराच्या कुत्र्यात एक खूण मात्र मोजपट्टीची वाट पाहत नाही. कुत्रा आडवा होऊ शकत नाही, कोपरे बाहेर काढून आणि मान लांब करून बसून राहतो, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसतात आणि डोळ्याला डोळा लागत नाही. त्या वेळी तो गुदमरत असतो. असा प्रसंग येऊन औषधाने निवळला तर ती पूर्वसूचना समजा. तसे दुसऱ्यांदा झाल्यावर त्याला तिसऱ्यांदा त्यातून जायला लावू नये, असे मला वाटते.

यजमानांच्या म्हणण्याकडे मी हलक्याने पाहत नाही. ज्या घरांत मुंगीसुद्धा मारत नाहीत अशा घरांतली माणसे माझ्यासमोर हाच प्रश्न घेऊन बसलेली आहेत. त्यांना एवढेच सांगा की निसर्गावर सोडायचे असते तर जिन्यात कोसळला त्या दिवशीच सोडले असते. गोळी देऊन आपण त्याला तिथून पुढे आणले, तेव्हा त्या पुढच्या वाटेवरच्या हालांची जबाबदारीही थोडी आपल्याकडे येते. काही कुत्री या आजारात झोपेत अचानक जातात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुष्कळांचा शेवट मध्यरात्री, तोंडाला फेस येऊन, श्वासासाठी धडपडत होतो आणि त्या वेळी डॉक्टर हजर नसतो. उपचाराने बरा न होणाऱ्या आणि यातनेत असलेल्या प्राण्याला पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे कायद्याने गुन्हा नाही. तरीही यजमानांचे मन वळले नाही तर भांडू नका. नैसर्गिक मृत्यूची वाट पाहण्याचाही मार्ग आहे, फक्त त्यात घरी ऑक्सिजन, धाप आणि घाबरेपणा कमी करणारी औषधे आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर यांची व्यवस्था आधी लागते. ती करता येत नसेल तर नुसते वाट पाहणे म्हणजे त्याला एकटे सोडण्यासारखे होते. मुलाला मात्र सांगा की त्याचा सल्ला चुकीचा नाही, पण बंटी आज बिस्किट मागतो आहे, तेव्हा आज ती वेळ नाही.

प्रत्यक्ष काय होते हे माहीत असले की भीती निम्मी होते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, त्याने धापही थोडी शांत होते आणि पाच-दहा मिनिटांत कुत्रा झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा जाते आणि साधारण एक-दोन मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, कधी लघवी होते, कधी हृदय थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलते. ती केवळ स्नायूंची हालचाल असते, त्याला जाग आलेली नसते. तुम्हाला जवळ बसायचे असेल तर बसा, सोसणार नसेल तर बाहेर थांबा. अनेक डॉक्टर घरी येतात, आधी विचारून ठेवा आणि पैशांचा हिशेबही आधीच मिटवून टाका, म्हणजे त्यानंतर बिलासाठी ताटकळावे लागणार नाही. काही तासांतच अंग ताठरते, म्हणून पाय हलकेच दुमडून त्याला चादरीत गुंडाळा. दफन करणार असाल तर खड्डा किमान चार फूट खोल आणि विहिरीपासून दूर हवा, कारण त्या औषधाचा अंश शरीरात उरतो आणि भटक्या जनावरांनी उकरले तर त्यांना बाधतो. शहरांतल्या वाचकांसाठी सांगतो की मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाडमध्ये लहान पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे. इतर गावांत नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात किंवा तुमच्या पशुवैद्याकडे चौकशी आजच करून ठेवावी.

प्रश्न : आमचा डॅशहुंड महिन्यापूर्वी मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. सहा वर्षांच्या मुलीला आम्ही सांगितले की तो गावाला, शेतावर राहायला गेला आहे. आता ती रोज विचारते, कधी येणार, आणि सुट्टीत गावी जायचा हट्ट धरते. दुसरे असे की मी स्वतः अजून सावरलेलो नाही. रात्री फरशीवर त्याच्या नखांचा आवाज ऐकू येतो. ऑफिसमध्ये एकदा डोळे भरून आले तर सहकारी म्हणाले, "अरे, कुत्रा होता, माणूस नव्हे." आईला विचारले, त्याचे काही करायचे का, तर ती म्हणाली, कुत्र्याचे कुठे दिवस करतात? मला काही झाले आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीला खरे सांगा आणि सुट्टी लागण्याच्या आत सांगा, नाहीतर शेतावर जाऊन शोधाशोध करण्याची पाळी तिच्यावर येईल. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना मृत्यू कायमचा असतो हे उमगू लागते, तेव्हा तिला कळणार नाही ही भीती बाळगू नका. वाक्ये सोपी आणि स्पष्ट असू द्या. "आम्ही तुला खरे सांगितले नव्हते, कारण आम्हाला स्वतःलाच फार वाईट वाटत होते. त्याच्या पोटातले लघवी तयार करणारे अवयव बिघडले होते, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण तो मेला. आता तो परत येणार नाही." ती कदाचित रडेल, कदाचित पाच मिनिटांत खेळायला जाईल आणि रात्री झोपताना एकदम विचारेल की मला ताप आला तर मीही मरेन का, किंवा तुम्ही मराल का. साध्या तापाने माणूस मरत नाही, त्याचा आजार फार मोठा आणि वेगळा होता आणि आम्ही पुष्कळ वर्षे तुझ्याबरोबर राहणार आहोत, असे शांतपणे सांगा. हेच प्रश्न ती पुढचे काही आठवडे पुन्हा पुन्हा विचारील. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्या, बदलू नका. तुमच्यावर रागावली तर रागावू द्या. तो राग रास्त आहे.

तुम्हाला काहीही झालेले नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकाविषयी लिहिले होते, ज्याला आजूबाजूची माणसे शोक म्हणून मान्यताच देत नाहीत. त्यात रजा मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही, घरात चार दिवस कोणी पिठले-भात आणून देत नाही, आणि म्हणून माणूस आपल्याच दुःखाची लाज वाटून घेतो. तुमच्या दिवसाचे वेळापत्रक त्या कुत्र्याभोवती बांधलेले होते. सकाळी साखळीचा आवाज, संध्याकाळची फेरी, इंजेक्शनच्या आणि सलाइनच्या वेळा, हे सगळे एका दिवसात थांबले. कान मात्र अजून त्याच वेळांना जागे होतात, नखांचा आवाज त्यातलाच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत असे होणे अगदी सामान्य आहे. संध्याकाळच्या फेरीच्या वेळी घरात बसून राहू नका, त्या वेळी मुलीला घेऊन बाहेर पडा. सहकाऱ्यांना समजावून सांगण्यात शक्ती घालवू नका. ज्याच्या घरी कुत्रा आहे असा एखादा त्यांच्यात असेलच, त्याच्याशी बोला.

आईचा प्रश्न सुतकाचा असेल तर सुतक नाही, हे त्यांचे बरोबर आहे. पण तुम्ही काही करू नये असा त्याचा अर्थ होत नाही. खंडोबाच्या आणि दत्ताच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, तेव्हा घरच्या कुत्र्याच्या नावाने भटक्या कुत्र्यांना पोटभर दूध-भाकरी घालण्यात आईंनाही वावगे वाटणार नाही, आणि भाकरी कुस्करायला त्यांनाच बसवा. मुलीने काढलेले चित्र किंवा त्याचा पट्टा ठेवायचा असेल तर ठेवा. उरलेली औषधे मात्र कपाटात ठेवू नका. न फोडलेल्या सलाइनच्या बाटल्या डॉक्टरांना परत दिल्या तर दुसऱ्या एखाद्या कुत्र्याच्या कामी येतील.

झोप आणि जेवण दोन-अडीच महिन्यांनंतरही रुळावर आले नाही, काम निभेनासे झाले किंवा जगू नये असे मनात येऊ लागले, तर मात्र तो डॉक्टरांचा विषय आहे आणि त्यात कमीपणा मानू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येते. जगू नये असा विचार आला तर मात्र दोन महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.

प्रश्न : आमच्या दोन कुत्र्यांपैकी पग दहा दिवसांपूर्वी गोचीडतापाने गेला. दुसरी, गावठी कुत्री, तेव्हापासून दाराशी पडून असते, तीन दिवस नीट जेवलेली नाही. ती शोक करते आहे का? तिच्यासाठी लगेच नवे पिल्लू आणावे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : शोक करत असू शकते. २०२२ साली इटलीतल्या ४२६ कुत्रेपालकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातला दुसरा कुत्रा गेल्यानंतर मागे राहिलेल्या कुत्र्याचे खाणे-खेळणे कमी झाले, तो अधिक झोपू लागला किंवा माणसाला चिकटून राहू लागला, असे त्यांतल्या बहुतेकांनी सांगितले होते. पण तुमच्या पत्रातला "गोचीडताप" हा शब्द वाचून मी तिच्या मनाआधी तिच्या रक्ताचा विचार करतो. कुत्र्यांवरचे तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या फटींत आणि अंथरुणाच्या शिवणीत अंडी घालतात, आणि ज्यांनी पगला आजार दिला ते तिलाही चावलेले असण्याची शक्यता मोठी आहे. सुस्ती आणि न जेवणे ही त्या तापाची पहिली लक्षणे आहेत. तिच्या हिरड्या पांढुरक्या आहेत का, पोटावर लाल ठिपके आहेत का, नाकातून रक्त येते का ते पाहा, आणि काही दिसो न दिसो, उद्याच रक्त तपासून प्लेटलेट्स मोजून घ्या. ताप निघाला तर डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा कोर्स देतील. तो जेवणानंतर द्यायचा आणि ती दोन दिवसांत उड्या मारू लागली तरी मध्येच सोडायचा नाही.

नवे पिल्लू सध्या नको. आधी फटी बुजवा, अंथरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा, घरात फवारणी करून घ्या आणि कुत्रीला गोचीड-प्रतिबंधक औषध नियमित सुरू करा. फवारणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण अंड्यांवर पहिल्या फवारणीचा परिणाम होत नाही. दोन फवारण्यांनंतर तिच्या कानांत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत महिनाभर एकही गोचीड सापडला नाही, म्हणजे पिल्लाचा विचार करा. आणि तेही घरातल्या माणसांना हवे असेल तर, कारण त्याला रोज फिरवायचे काम त्यांनाच करायचे आहे.